टोंगळ्याचा इलाज होतो, काळजाची चौकशी कोण करणार?

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात दिल्लीतून एक पत्र निघाले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले गेले. केंद्र शासनाच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबरला कळविले की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ हे बिरुद लावू नये, कारण ते वैद्यकीय डॉक्टर नाहीत. १० सप्टेंबरला, या विषयावर अधिक विचार आवश्यक आहे असे सांगून, त्याच कार्यालयाने ते पत्र परत घेतले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फिजिओथेरपीचा जो नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, त्यात हे बिरुद लावण्याची मुभा दिलेली होती. मग एकीकडे डॉक्टरांच्या संघटना, दुसरीकडे फिजिओथेरपिस्टांच्या संघटना. प्रकरण उच्च न्यायालयांपर्यंत गेले.

या सगळ्या गदारोळात एक माणूस कुठेच नव्हता. ज्याच्या टोंगळ्याला शेक द्यायचा तो.

यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचे बोरी अरब घ्या, नाहीतर दारव्हा तालुक्यातले दुसरे कोणतेही गाव घ्या. वस्तीतल्या साठी ओलांडलेल्या मायबायांना तब्येत विचारली तर बहुतेक जणी आधी टोंगळे दाखवतात, मग कंबर. चाळीस-चाळीस वर्षे वाकून निंदण केले, कंबरेला ओटी बांधून कापूस वेचला, सोयाबीन सवंगले, डोक्यावर गाठोडे वाहिले. त्या हाडांनी आता जाब विचारला तर नवल काय? इलाजाची वाट सगळ्यांची सारखीच. पहिल्यांदा बाम, मग तेल लावून मालिश, मग गावातल्या डॉक्टरची सुई. आणि त्यानेही भागले नाही की कुणीतरी सांगतो, यवतमाळला जा, तिथे मशीन लावतात, करंट देतात. तिथे गेल्यावर विचारले जाते, कुठे दुखते? किती दिवसांपासून? मग शेक, मग पाय वीस वेळा वर-खाली. परंतु जिना चढताना छाती भरून येते काय, रात्री झोपेत दम कोंडून उठावे लागते काय, उशाला उशी किती लागतात, हे विचारणारा क्वचितच भेटतो. रक्तदाबाचे यंत्र कपाटात असते. ते बाहेर निघत नाही, कारण पेशंट ‘टोंगळ्याचा’ असतो.

मी वकील आहे, डॉक्टर नाही. पण श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेची प्रकरणे भरताना म्हाताऱ्या माणसांच्या प्लास्टिकच्या पिशव्या उलट्या कराव्या लागतात. आधार कार्ड, रेशन कार्ड, वयाचा दाखला, आणि त्यातच दवाखान्याचे कागद. एका पिशवीत बीपीच्या गोळ्यांचे अर्धे संपलेले पान, दोन वर्षांपूर्वीची थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी आणि व्यायामाच्या केंद्राचे कार्ड असे तीनही कागद एकत्र सापडतात. पिशवी एक, माणूस एक. पण हे तीन कागद एकाच वेळी समोर ठेवून कुणी वाचलेले नसतात. बीपीची गोळी देणाऱ्याला टोंगळ्याचे ठाऊक नाही आणि टोंगळ्याला शेक देणाऱ्याला गोळीचे ठाऊक नाही. गोळी बंद कधी केली हे तर कुणालाच ठाऊक नसते.

वास्तविक पाहता ही दोन दुखणी वेगळी राहूच शकत नाहीत. ज्या वयात सांधे झिजतात त्याच वयात रक्तवाहिन्या कडक होतात आणि फुप्फुसाची ताकद उतरते. सन २०१७-१८ मध्ये देशभर वृद्धत्वाची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोकांना उच्च रक्तदाबाचे निदान झालेले होते आणि साधारण ८ टक्के लोकांना फुप्फुसाचा जुनाट विकार. हे निदान झालेल्यांचे आकडे आहेत. ज्यांच्या दंडाला आयुष्यात कधी पट्टा बांधलाच गेला नाही ते यात नाहीत, आणि आपली माणसे कुठल्या गटात अधिक असतील हे सांगण्याची गरज नाही. शिवाय टोंगळे दुखणारा माणूस चालणेच कमी करतो. चालत नाही म्हणून दम लागत नाही, दम लागत नाही म्हणून काळजाचे दुखणे कळत नाही. टोंगळा काळजावर पांघरूण घालून बसतो. आणि नेमके व्यायामाच्या केंद्रात, पहिल्याच दिवशी, ते पांघरूण ओढले जाते.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. काळजाचे दुखणे सांध्याच्या वेशात येते. डावा खांदा, दंड, जबडा, मान, कधी नुसती पाठ किंवा पोटाचा वरचा भाग दुखतो आणि छातीत काहीच होत नाही. बायांमध्ये आणि साखरेच्या पेशंटमध्ये असे अधिक घडते. अशी बाई खांदा धरून आली की ‘खांदा जाम झाला’ म्हणून तिला शेक मिळतो. यातला फरक ओळखण्याची साधी रीत आहे. खांद्याचाच दोष असेल तर हात वर केला, मागे नेला की दुखते. हात हलवून काही होत नाही, पण पाणी भरून आणताना, चढ चढताना दुखते आणि थांबले की राहते, तर तो खांदा नाही. तिने त्याच दिवशी डॉक्टरकडे गेले पाहिजे. बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याचा खांदा महिनोन् महिने रात्री ठणकतो, पंजा बारीक होत जातो, वजन उतरते, तेव्हा फुप्फुसाच्या टोकाशी गाठ तर नाही ना, यासाठी छातीचा फोटो काढायला हवा. पोटऱ्यांचेही तसेच. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि नुसते उभे राहिले तरी थांबतात, तर दोष पायाच्या रक्तवाहिनीत असू शकतो. बसल्याशिवाय, पुढे वाकल्याशिवाय आराम पडत नसेल तर मणक्यात.

आणि सूज. हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे असे आहे. खुब्याचे हाड मोडून म्हातारी महिनाभर खाटेवर पडून असते. एका पायाची पोटरी सुजते, गरम लागते, दुखते. सून प्रेमाने तेल कोमट करून पाय चोळते, किंवा मालिशवाल्याला बोलावते. त्या पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग घटकाभरात माणूस जातो. लोक म्हणतात, चांगली बोलत होती, अचानक गेली. एकाच पायाला सूज आली असेल तर हात लावायचा नाही, आधी डॉक्टर. दोन्ही पायांना सूज आणि आडवे पडल्यावर दम लागत असेल तर काळीज थकले असण्याचा संभव. तिथेही नुसता व्यायाम वाढवून चालत नाही.

दम्याबद्दल आपल्याकडे एक वाक्य ठरलेले आहे: वय झाले, दम लागणारच! या वाक्याने किती माणसे मारली असतील त्याचा हिशेब नाही. बाई बिडी ओढत नाही म्हणून तिच्या फुप्फुसाचा विचार होत नाही. पण तिने चाळीस वर्षे पऱ्हाटीच्या काड्या, तुरीची तुराटी आणि गोवऱ्या फुंकून स्वयंपाक केला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले की बिडी-सिगारेट कधीही न ओढलेल्यांनाही श्वसननलिका अरुंद होण्याचा हा जुनाट रोग मोठ्या प्रमाणावर होतो आणि चुलीचा धूर हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. उज्ज्वला योजना आली २०१६ ला. ती आली तेव्हा या बायांची फुप्फुसे काळी होऊन गेलेली होती, आणि सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की चूल आजही पेटतेच. पुरुषांचे सांगायचे तर बिडी आहेच. जिनिंगमधली कापसाची धूळ आहे, फवारणी आहे. सन २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले, हे विसरण्यासारखे नाही.

कोविडनंतर बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र घरोघर गेले. ते उपयोगी आहे, पण एक सावधगिरी हवी. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की काळ्या रुग्णांमध्ये रक्तातला प्राणवायू प्रत्यक्ष कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखविण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. यंत्र गोऱ्या कातडीला प्रमाण मानून घडले आहे. आयुष्यभर उन्हात राबलेल्या आपल्या माणसांच्या बोटावर ९४ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. श्वास मिनिटाला किती वेळा चालतो, बोलताना वाक्य मध्येच तुटते काय, हेही डोळ्यांनी पाहावे.

पाहावे, हात लावावा, नाडी धरावी. यालाच तपासणी म्हणतात. आणि इथे चळवळीच्या वाचकाला बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मधली ती काठेवाडची बाळंतीण आठवल्याशिवाय राहणार नाही. अस्पृश्य शिक्षकाची बायको, छाती सुजलेली, श्वास घेता येईना. डॉक्टर आला तो वस्तीबाहेर, तिला बाहेर आणून बसविण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि परत त्याच क्रमाने. हात न लावताच न्यूमोनिया ठरविला. ती वाचली नाही. हे पत्र १९२९ च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त छापून आले होते. आज कुणी उघडपणे असे करील असे मी म्हणत नाही. आज न शिवण्याची कारणे वेगळी आहेत: गर्दी, घाई, मशीनवर ठेवलेला विश्वास, आणि फुकटचा पेशंट. परंतु पट्टा न बांधता, नाडी न पाहता, पाठीला नळी न लावता ज्या म्हातारीला करंट देऊन घरी पाठविले जाते, तिच्या छातीपर्यंत तपासणारा हात आजही पोहोचलेला नाही, हे खरे आहे.

आपल्या भागाचे आणखी एक दुखणे आहे, सिकलसेल. विदर्भातील बौद्ध, गोंड, परधान, तेली, कुणबी अशा अनेक समाजांत ते आढळते. त्यात हाडे दुखतात, खुब्याचा सांधा झिजतो, आणि फुप्फुसावर, काळजावरही ताण येतो. म्हणजे ज्या तक्रारीसाठी माणूस व्यायामाच्या केंद्रात जातो ती तक्रारच या रोगाची असू शकते. केंद्राने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचे मिशन सुरू केले, त्यात सुमारे सात कोटी लोकांची तपासणी ठरली. पण वयोगट शून्य ते चाळीस! पुढच्या पिढीत रोग जाऊ नये हा त्यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. मात्र चाळिशी ओलांडलेला सौम्य सिकलसेलचा माणूस आयुष्यभर ‘वाताचा’ पेशंट म्हणूनच फिरत राहतो. त्याला व्यायाम देण्यापूर्वी घरात कुणाला सिकलसेल आहे काय, एवढे विचारायला काय लागते?

एक गैरसमज मात्र इथेच दूर केला पाहिजे. या पूर्वतपासणीचा हेतू म्हाताऱ्यांना व्यायामापासून पळविणे हा नाही. काळीज आणि फुप्फुस दुबळे झालेल्यांनाच बेताच्या व्यायामाची अधिक गरज असते, आणि फिजिओथेरपीच्या पदवीत हृदय व श्वसनाचा स्वतंत्र विषय शिकविला जातो. प्रश्न मात्रेचा आहे. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला तरी रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, बसल्या जागी नाडी १२० च्या पुढे धावत असेल किंवा ठेका चुकत असेल, ऑक्सिजन ९० च्या खाली असेल, तर त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टर पाहू द्या. बाकीच्यांना खुर्चीवरून मिनिटभर उठबस करायला लावून पुन्हा नाडी आणि ऑक्सिजन पाहा, आणि बोलता येईल इतपतच दम लागू द्या. याला पाच-सात मिनिटे लागतात. दुसऱ्या टोकालाही जायला नको. ‘काळजाची तपासणी’ म्हटले की प्रत्येक म्हातारीला ईसीजी, इको, रक्ताच्या दहा चाचण्या लिहून देणारे आणि प्रयोगशाळेकडून कमिशन घेणारे टपून बसलेलेच आहेत. आधी प्रश्न, मग हात, मग पट्टा. आणि त्यात काही सापडले तरच पुढचा खर्च.

मग शासन काय करते? कागदावर पुष्कळ. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यानुसार प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांचा बाह्यरुग्ण विभाग, त्यावरच्या रुग्णालयात आठवड्यातून दोनदा, आणि जिल्हा पातळीवर दहा खाटांचा वॉर्ड व फिजिओथेरपी, असे ठरलेले आहे. आशाताई घरोघर जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात तो वाचून पाहा. त्यात दम लागतो काय, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे काय, स्वयंपाक कशावर होतो, कामावर धूर-धूळ असते काय, हे सारे विचारलेले आहे. साठीच्या वरच्यांना उभे राहताना तोल जातो काय, हेही आहे. म्हणजे जे प्रश्न व्यायामाच्या टेबलाशेजारी विचारायला हवेत ते गावात आधीच विचारून झालेले आहेत! उत्तरे फाईलमध्ये आहेत. ती फाईल आणि ते टेबल यांची गाठ पडत नाही, एवढेच.

राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टी ओलांडलेल्या गरिबाला एकदाच तीन हजार रुपये. त्यातून टोंगळ्याचा पट्टा, कंबरेचा पट्टा, मानेची कॉलर, काठी घ्यावी. ठीक आहे. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्यांना पाच लाखांच्या उपचारांचे कार्ड दिले. तेही ठीक. पण ते कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालते, बाह्यरुग्ण तपासणीला नाही. टोंगळ्याच्या पट्ट्याला पैसे आहेत, झटका आल्यावर फुगा घालायला पैसे आहेत. मधल्या पाच मिनिटांना कुणी वाली नाही.

कायद्याचे म्हणाल तर तो आपल्या बाजूने उभा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा आपण पोटगीपुरता ओळखतो. त्याचे कलम २० सहसा कुणी उघडत नाही. त्यात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तितक्या खाटा, वेगळी रांग, जुनाट व झिजेच्या आजारांवरील उपचारांचा विस्तार, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली ज्येष्ठांची राखीव सोय, हे सर्व राज्याने करावयाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने डॉ. अश्वनी कुमार प्रकरणात १३ डिसेंबर २०१८ ला ज्येष्ठांच्या या हक्कांची आठवण शासनाला करून दिली. त्याआधी १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात, म्हणजे शेतमजुरांच्या संघटनेनेच नेलेल्या प्रकरणात, वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग ठरला होता. २०२१ च्या संलग्न व आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात तर फिजिओथेरपिस्टची व्याख्याच ‘सर्वंकष तपासणी’ करणारा व्यावसायिक अशी आहे. ‘डॉ.’ च्या वादात फिजिओथेरपिस्टांनी या व्याख्येकडे अधिकार म्हणून बोट दाखविले तर ते रास्तच आहे. मात्र वकिलाच्या नजरेने तेच शब्द कर्तव्यही सांगतात. सर्वंकष तपासणीचा अधिकार मागणाऱ्याने पट्टा न बांधता साठीच्या बाईला व्यायाम दिला आणि काही बरे-वाईट झाले, तर हे माझे काम नव्हते असा बचाव त्याला सहज घेता येणार नाही.

फुकट शिबिरांबद्दल मात्र सावध असावे. संपूर्णपणे मोफत सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही, हे १९९५ च्या शांता प्रकरणापासून ठरलेले आहे. जयंतीच्या निमित्ताने विहारात ‘गुडघेदुखी शिबीर’ भरते, बाहेरून मशीन येते, पन्नास म्हातारी माणसे रांगेत बसतात. तिथे काही बिघडले तर ग्राहक आयोगात दाद नाही. म्हणून शिबीर घेणाऱ्या आपल्याच मंडळांनी अट घालावी: आधी प्रत्येकाचा रक्तदाब आणि नाडी, चार प्रश्न, आणि गोळ्यांची पिशवी टेबलावर, नंतर मशीन. हे काम करायला वस्तीतली नर्सिंग शिकलेली मुलगी पुरेशी आहे, आणि अशा मुली आता गावोगाव आहेत.

बोरी अरबसारख्या गावात सुरुवात कागदाने करता येते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतच्या अबंधित निधीची तरतूद आहे. त्यातून रक्तदाबाचे एक यंत्र आणि बोटाचे एक यंत्र घेऊन ते आशाताईंकडे ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही माफ, आरोग्य केंद्राकडे द्यावा: मागील बारा महिन्यांत ज्येष्ठांचा साप्ताहिक बाह्यरुग्ण विभाग कोणकोणत्या तारखांना चालला, त्यात किती जणांचा रक्तदाब मोजल्याची नोंद आहे, आणि फिजिओथेरपीसाठी पुढे पाठविलेल्यांच्या चिठ्ठीवर ती नोंद लिहिली जाते काय. उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे. न आल्यास पहिले अपील त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे करायचे असते. अर्ज साध्या कागदावर चालतो. पोच घ्यायला विसरू नये.